वायाळसरांची दोन टिंबं

आमच्या वरच्या खोलीत राहणारे वायाळसर तारे बघतात, पण दुपारी. सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की खिडकीचा पडदा ओढायचा, पंखा बारीक करायचा, लॅपटॉप उघडायचा आणि आकाश बघत बसायचं. रात्री नऊला हे गृहस्थ गाढ झोपलेले असतात. उकाड्याच्या दिवसांत मंचरच्या पेठेतले आम्ही दुकानदार गच्चीवर आडवे होऊन चांदण्या मोजतो, आणि खरा खगोलशास्त्रज्ञ गच्चीखालच्या त्या खोलीत घोरत असतो.

यात लबाडी काही नाही. सर ज्या दुर्बिणीतून बघतात ती पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर, डोंगराच्या माथ्यावर आहे. तिथे रात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस. दुर्बीण तिथली माणसं हलवतात, सर इथून फोनवर त्यांना सूचना देतात. खोली बघायला आले त्या दिवशीच त्यांनी हे सांगितलं होतं. मला वाटलं, माणूस थापाड्या दिसतोय. पण बोलणं मऊ होतं आणि इंटरनेट चांगलं आहे ना, एवढी एकच चौकशी त्यांनी केली. नळाला पाणी कधी येतं हेसुद्धा विचारलं नाही. असा भाडेकरू कोण सोडतो?

माझं मंचरला तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. आमचे पूर्वज मारवाडातून आले, पण आता आमची मारवाडी फक्त रागावताना बाहेर येते. घरी मी, माझी बायको सुशीला, मुलगा हर्षल आणि माझी आई. आईला आम्ही बाई म्हणतो, म्हणून सगळी पेठ बाई म्हणते. सर इथलेच, घोडनदीच्या वरच्या अंगाच्या एका गावचे. गावी भाऊ शेती करतो. सर अवसरीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतात. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची हिंमत पेठेत एकालाच झाली, आणि त्याला सरांनी इतका वेळ गुरुत्वाकर्षण समजावून सांगितलं की त्याचा चहा गार झाला.

सर नेमकं काय बघतात? इतरही बरंच, पण जीव अडकलेला दोन तपकिरी बटूंत. हे शब्द त्यांचेच. एकदा कुकरची शिट्टी बदलायला दुकानात आलेल्या एका पाहुण्यांनी विचारलं, "म्हंजी काय वो?"

"तारा व्हायला निघाले होते, पण तेवढा माल गोळा झाला नाही," सर म्हणाले. "म्हणून पेट घेतला नाही."

"म्हंजी नापास?"

सर फार दुखावले. "नापास कशाला? त्यांची इयत्ताच वेगळी. आणि अजून तान्हे आहेत हो. दहा-वीस लाख वर्षांचे असतील. जन्माची ऊब आहे अंगात, म्हणून तर दिसतात. पुढे गार होत जाणार."

"तपकिरी हायेत का पन?"

"नाही. लालसर आहेत."

"आन् मग तपकिरी का म्हनत्यात?"

"ते नाव ठेवणाऱ्याला विचारा," सर म्हणाले आणि जिना चढून गेले. पाहुणे शिट्टी तशीच विसरून गेले, ती अजून माझ्या गल्ल्याशेजारी पडलेली आहे.

हे दोन बटू एकमेकांभोवती फिरतात. एक फेरी व्हायला कित्येक दशकं लागतात. सरांच्या गुरुजींनी त्यांच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली, ते गेल्यावर सरांनी ठेवली. दर वर्षी दिवाळीच्या आसपास एक चित्र काढायचं, दोघांमध्ये अंतर किती आणि कोण कोणत्या बाजूला ते मोजायचं, आणि पुढल्या वर्षाची वाट बघायची. कशासाठी? तर वजनासाठी. हे ऐकून मी कान टवकारले, कारण वजन हा आमचा धंदा. सर म्हणाले, "शेठ, एकट्या बटूचं वजन करता येत नाही. नुसता अंदाज बांधायचा. दुसरा कुणी त्याच्याभोवती फिरत असला, तरच वजन कळतं."

अडचण अशी की, आतापर्यंतच्या चित्रांत ती जोडी जवळजवळ सरळ रेषेत सरकत होती. रस्ता वाकल्याशिवाय तो फेरा केवढा आहे हे कसं सांगणार? त्यामुळे सरांचं एक पालुपद होऊन बसलं: "अजून वळलं नाही." कॉलेजात नवे प्राचार्य कसे आहेत? अजून वळलं नाही. टोमॅटोचा भाव वर जाईल का? अजून वळलं नाही. दोन नोंदींवर मत द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. माझ्या गुडघेदुखीवर डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत गोळ्या दिल्या, तेव्हा त्या डॉक्टरांबद्दलचं सरांचं मत कायमचं खराब झालं.

मागे उसात बिबट्या आला. नवल नाही, आमच्याकडे येतच असतो. सगळी आळी बॅटऱ्या घेऊन बाहेर, सर झोपेत. सकाळी लोक सांगायला लागले, एक नव्हता, दोन होते, जोडी होती. सर दात घासत गॅलरीत आले आणि म्हणाले, "शेजारी दिसले म्हणजे जोडी नव्हे. एक पुढे असेल, दुसरा लांब मागे असेल. बरोबर चालत गेले का, ते सांगा." बिबट्या बघून थरथर कापलेल्या माणसांना हे ऐकून काय वाटलं असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

त्याहून मोठा घोळ त्यांनी यात्रेत घातला. बैलगाड्यांच्या शर्यतीत घाटावर, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, घड्याळ धरायला चोख माणूस हवा होता. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, आपला खंडू सायंटिस्ट आहे, त्यालाच बसवा. खंडू म्हणजे आमचे सर. एकामागून एक सुटलेले दोन नामांकित गाडे जवळजवळ सारख्याच वेळेत आले. लाउडस्पीकरवाला ओरडतोय, "झाला झाला झाला... वायाळसर, बोला, कुणाचा गाडा?" सर माइक हातात घेऊन शांतपणे म्हणाले, "बटण दाबायला अंगठ्याला जेवढा वेळ लागतो, त्याहून यांच्यातला फरक कमी आहे. सबब, सांगता येत नाही."

 मग एक फेटेवाले आजोबा उठले. "सर, आमाला नंबर पायजे. तुमची चूक तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या!"

"चूक माझी नाही, अंगठ्याची आहे."

"मग अंगठा बदला की राव!"

शेवटी दोन्ही गाड्यांना पहिला नंबर देऊन गुलाल उधळला. तेव्हापासून सरांना घाटावर जेवायला बोलावतात, घड्याळ देत नाहीत.

आता टिंबांचं सांगतो. दर वर्षी चित्र आलं की सर त्याच्या छापील प्रती काढायचे. पांढऱ्या कागदावर दोन करडे डाग, पोळी ठेवलेल्या कागदावर तुपाचे डाग पडतात तसे. त्या प्रती आणि पेन्सिली घेऊन ते खाली यायचे. "शेठ, माझा डोळा फितूर आहे," ते म्हणायचे. "मला काय पाहिजे, हे त्याला माहीत आहे. तुम्हाला काहीच माहीत नाही, म्हणून तुम्ही ठेवा. प्रत्येक डागाच्या मधोमध एक टिंब." माझ्या अज्ञानाचा इतका मान आजवर कुणी राखला नव्हता. मी दुकान नोकराच्या हवाली करून चष्मा पुसून बसायचो. सुशीला ठेवायची, हर्षल ठेवायचा, चहावाला ठेवायचा. एकमेकांची टिंबं बघायची नाहीत, असा सक्त नियम होता.

शेवटचा मान बाईंचा. त्यासाठी सर थेट स्वयंपाकघरात जायचे, ओट्याशेजारी पाटावर बसायचे आणि ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढायला घ्यायचे. टोक काढताना तासलेली भुकटी खिशात टाकायचे, बाईंच्या फरशीवर सांडायचे नाहीत. बाई खाकरा आणि चहा पुढे करायच्या.

"कसे हायेत दोघं?"

"बरे आहेत, बाई."

"भांडत न्हाईत ना?"

"भांडायला जवळ यावं लागतं. हे अजून लांबच आहेत."

मग बाई कागद नाकाशी धरून, बऱ्याच विचारानंतर दोन टिंबं ठेवायच्या. आणि दर वर्षी त्यांची टिंबं इतरांपेक्षा एकमेकांच्या जवळ यायची. मी एकदा म्हणालो, "बाई, तुझी चुकतात." सर माझ्यावर उखडले. "बाईंची चूक दर वर्षी एकाच बाजूची आहे. अशी चूक वजा करता येते. तुमची एकदा इकडे, एकदा तिकडे. तुमचं काय करू मी?" बाई पदराआड हसल्या. वडील गेल्यापासून त्या फारशा हसत नसत, म्हणून मीही ते बोलणं गिळलं.

तर असं चाललं होतं, आणि हर्षलचं लग्न ठरलं.

मुलगी बघायला गेलो तेव्हा सरांना बरोबर नेलं होतं. पोहे आले, आम्हा जैनांचे, म्हणजे बिनकांद्याचे. मुलीच्या वडिलांनी मोठ्या आदरानं विचारलं, "सर, तुम्हांला काय वाटतं, जमेल का दोघांचं?" मी टेबलाखालून सरांचा पाय दाबला, पण उपयोग झाला नाही. "अजून वळलं नाही," सर म्हणाले. मुलगी फसकन हसली, हर्षलही हसला, आणि तिथेच दोघांचं जमलं.

लग्न ठरलं आणि सुशीलानं विषय काढला. नव्या नवरानवरीला खोली कुठली? घरात एकच मोकळी करण्यासारखी, ती म्हणजे वरची. तिचं चूक नव्हतं. "सरांना सांगा," ती रोज म्हणायची. मी रोज वाक्य जुळवून जिना चढायचो आणि भलतंच काहीतरी बोलून खाली यायचो. एकदा तर त्यांना पितळेचा तांब्या भेट देऊन आलो. वाक्य तोंडातच राहिलं.

दिवाळी झाली आणि एका दुपारी मी ठरवलं, आज सांगायचंच. वर गेलो तर पडदा ओढलेला, आणि सर खुर्चीत न बसता उभे. मला बघून त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. "शेठ, वळलं! वळलं वो!" शहरी मराठी सुटून गावाकडची बोली बाहेर आली होती. पडद्यावर मला तेच दोन डाग दिसले, जरा जवळ आल्यासारखे. सर बोलत होते, "आता हळूहळू समदं कळंल. आता दरसाल बगायलाच पायजे. आता एक बी साल चुकवून चालायचं न्हाई." त्यांचे डोळे पाणावले होते. अशा माणसाला खोली खाली करा म्हणून कसं सांगायचं? मी अभिनंदन करून खाली आलो. संध्याकाळी सर प्रती घेऊन आले, आणि आम्ही सगळ्यांनी रीतसर टिंबं ठेवली.

पुढच्याच आठवड्यात मेसची पातेली पोचवायला मी कॉलेजात गेलो. तिथे सरांच्याबरोबर काम करणाऱ्या एक तरुण मॅडम भेटल्या. मी जरा ऐटीतच म्हणालो, "यंदाचं मोजमाप कसं काय जमलं? आमच्या घरची टिंबं पोचली ना?"

"कसली टिंबं?"

मी सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग गोंधळल्या. "काका, ते मोजायचं काम संगणक करतो. कित्येक वर्षं झाली. केसाच्या अंतराचासुद्धा फरक पकडतो. पेन्सिलीनं कोण करतंय आता?"

मी टेम्पोत बसलो तो धुमसतच. म्हणजे हा माणूस आम्हाला खुळ्यात काढत होता! ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी मी चष्मा पुसतोय, माझी म्हातारी आई कागद नाकाशी धरतेय, आणि वर जाऊन हा आमची टिंबं कचऱ्यात टाकतोय. बरं झालं म्हटलं, आता खोलीचं सांगायला जीभ अडखळणार नाही.

घरी येऊन आधी बाईंना सांगितलं. बाई वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला ठावं व्हतं."

"काय ठाऊक होतं?"

"त्याला आपली टिंबं लागत न्हाईत ते. अरे, मला तरी ते डाग कुठं दिसत व्हते? मोतीबिंदू पिकला तवापासून समदा कागद ढगावानी. मी आपली अंदाजानं ठेवायची. दोघं एकमेकांचे हायेत म्हनतो, तर जवळच असतील, म्हनून जवळ ठेवायची."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तो आला असता का?" बाई म्हणाल्या. "टोक काढीत बसतो तवा त्याच्या आईच्या गोष्टी सांगतो रे. तिच्या हातच्या भाकरीच्या. दुसऱ्या कुनापाशी बोलत नसल."

तरी मी वर गेलो. राग निम्मा उरला होता, तो वाया जाऊ नये म्हणून जिना भराभर चढलो. सर शर्टांच्या घड्या घालत होते. खाटेवर बॅग उघडी होती.

"खोलीचं ना?" तेच म्हणाले. "सुशीलाताई गॅलरीत बोलतात ते वर ऐकू येतं. तुमच्या तोंडून निघत नव्हतं, म्हणून मीच आवरायला घेतलं. लग्नघर आहे, रंग द्यायचा असेल."

"कुठे जाणार?"

"गावी. भाऊ आहे. कॉलेजला एसटीनं येत जाईन."

"तिथे इंटरनेट?"

"तिथं फोन लावायला टेकडीवर जावं लागतं." ते हसले. "मॅडम आहेत की. त्या बघतील यापुढं."

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते आत्ता कुठे वळलं होतं, आणि हा माणूस ते दुसऱ्याच्या हाती देऊन निघाला होता. मी म्हणालो, "मंचरला दुसऱ्या खोल्या नाहीत का? मी शोधून देतो."

सरांनी हातातला शर्ट खाली ठेवला. "खोल्या लई मिळतील, शेठ. पन खाली कोन असनार?"

मी मग विचारूनच टाकलं. "सर, आमची टिंबं जातात कुठे?"

ते बॅगेकडे बघत म्हणाले, "कळलं व्हय... पहिली दोन-तीन वर्षं खरंच लागत व्हती. मग संगणक चांगला मोजायला लागला. त्या साली मी खाली आलो न्हाई. तर बाई स्वतः जिना चढून वर आल्या. तेवढ्या पायऱ्या, त्यांचं ते वय. म्हनाल्या, 'यंदा कागद आनला न्हाई? दोघं बरे हायेत ना?' असं मला कोन इचारतंय? मग पुन्हा छापायला लागलो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला त्या माणसाची इतकी माया वाटली, आणि ती कशी दाखवायची हे इतकं कळेना, की मी त्यांच्या शर्टांच्या घड्या घालायला लागलो. त्या मला नीट येत नाहीत. सरांनी त्या निमूटपणे पुन्हा घातल्या.

खाली येऊन मी बाईंना सगळं सांगितलं, आणि सुशीलालाही. सुशीला डोळ्याला पदर लावून आत गेली. बाईंनी मात्र सकाळी उठल्या उठल्या फर्मान काढलं, "मागची बंबाची खोली रिकामी कर."

दुकानाच्या मागे आमची एक खोली आहे, तिथे तांब्याचे बंब, घंगाळी, लग्नाची मोठी पातेली असा पसारा. मी म्हणालो, "बाई, तिथे एक खिडकी, तीही भिंतीकडे. तिथून आकाशाचा तुकडा दिसत नाही."

"त्यांना कुठं लागतं आकाश?" बाई म्हणाल्या.

बरोबर होतं. दोन दिवस मी, हर्षल आणि नोकर बंब हलवत होतो. सुशीलानं स्वतः चुना लावून घेतला आणि इंटरनेटवाल्याच्या डोक्यावर उभं राहून वायर तिथवर ओढायला लावली. सर "कशाला, कशाला" करत दारात उभे राहायचे आणि सगळ्यांच्या पायांत यायचे.

तिसऱ्या दिवशी ते खाली राहायला आले. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात. सर आजवर खानावळीत जेवायचे, एका कोपऱ्यात, समोर वर्तमानपत्र धरून. त्या दिवशी बाईंनी त्यांना हाक मारली, "सर, ऊन उतरलं, पानं वाढली."

सर आले. अंघोळ करून, भांग पाडून. हातात एक कोरी प्रत आणि पेन्सिल होती. दारातच अडखळले आणि म्हणाले, "बाई, यंदा तुमचं टिंब जरा पुसट उठलं व्हतं. म्हटलं, परत एकदा..."

बाईंनी त्यांच्या हातातून कागद घेतला, पेन्सिल घेतली, आणि दोन्ही फळीवर हळदीच्या डब्याशेजारी ठेवून दिली.

"आता मोकळ्या हातानं येत जा," त्या म्हणाल्या.

सर तसेच उभे राहिले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना, एकदा खिशात घातले, एकदा पाठीमागे बांधले. सुशीलानं माझ्या पाटाशेजारी आणखी एक पाट सरकवला. मग ते बसले, आणि बाईंनी त्यांच्या ताटात पहिली भाकरी वाढली.